माळावरची भाऊबीज

आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १८७९

रशियाने आभाळात नवा चंद्र सोडला आहे.

एवढं एक वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसलो होतो. सकाळी लष्करी डेपोत कामाला जाताना मीरासाहेबाच्या दुकानापुढे ही गर्दी. त्याचं सायकलींचं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान देहूरोड बाजाराच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे जो तो बातम्या ऐकायला तिथे टेकतो. आज कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माणसाच्या हाताने घडवलेला धातूचा गोळा, घागरीएवढा, पृथ्वीभोवती फिरतो आहे. दीड तासात एक फेरी. म्हणजे मी आंघोळ, न्याहारी उरकून डेपोत हजेरी लावीपर्यंत हा सगळी दुनिया पालथी घालून परत डोक्यावर. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. हेडक्लार्कने दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकूच आली नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला तिकडं कोण आहे?" कोणी नाही, मी म्हटलं, आत नुसतं यंत्र आहे. "एकटाच फिरतो? बिचारा," म्हणाली आणि भाकरी उलटली. बायकांना विज्ञानाचं कौतुक नाही.

मला आहे. असल्या काळात जन्माला आलेल्या माणसाने रोजनिशी ठेवली पाहिजे. आमची इंद्रायणी आत्ता तीन वर्षांची आहे. मोठी झाल्यावर तिला सांगता आलं पाहिजे की तुझ्या बापाने हे सगळं जागेपणी पाहिलं. म्हणून आजपासून रोज लिहिणार.

कोजागिरी

रोज म्हटलं खरं, पण काल राहून गेलं.

चाळीच्या अंगणात दूध आटवलं. दरवर्षी माणसं दुधाकडे बघतात, यंदा सगळ्यांच्या माना वर. खरा चंद्र एवढा परातीसारखा उगवला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही, सगळे दुसरा शोधताहेत. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की पौर्णिमेच्या उजेडात तो दिसणार नाही. इंद्रायणी म्हणाली, नवा चांदोबा पण माझा मामाच का? सगळे हसले. ही नाही हसली. पोरीच्या तोंडाला लागलेलं दूध पुसत म्हणाली, "तुला मामा आहे बाई. इथंच आहे, तासाभराच्या वाटेवर."

हे मला उद्देशून होतं, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. तेव्हा ते प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो.

हिंदुराव हा हिचा धाकटा भाऊ. राहायला पुनावळ्याला. तो पाळण्यात असताना त्यांची आई गेली आणि हिनेच त्याला वाढवलं. म्हणजे मी त्याचा नुसता दाजी नव्हे, जवळजवळ बापाच्या जागी. वैशाखात त्याचं लग्न पुनावळ्यातच झालं, मुलगी माण गावची. त्या लग्नात मला, मला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. मी फक्त वरातीसाठी आणलेल्या गॅसबत्तीचा पंप कसा चालतो ते पाहायला मांडवामागे गेलो होतो, फार वेळ नव्हे. परत येतो तो माणच्या मंडळींची पहिली पंगत भातावर आलेली. मी जेवलो नाही. हिला आणि पोरीला घेऊन भर उन्हात घरी निघालो. नवरी उंबऱ्यात येते तेव्हा करवलीने दार अडवायचं असतं, ते राहिलं म्हणून ही वाटभर एक शब्द बोलली नाही. हिंदुराव मुंडावळ्यांसकट वेशीपर्यंत मागे धावत आला आणि माझे हात धरून माफी मागू लागला. मी म्हटलं, मांडवात चल आणि चारचौघांत माग. तेव्हा गप्प बसला. एकट्यात मागितलेली माफी ही काय माफी झाली?

त्या दिवशी वेशीवर मी शब्द टाकला: त्याने माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, आणि माझ्या माणसांनी त्याच्या उंबऱ्यात. हाच शब्द आज मी पुन्हा बोलून दाखवला. हिने दुधावर फुंकर घातली आणि विचारलं, "उंबऱ्याचंच म्हणाला होता ना तुम्ही?" हो, उंबऱ्याचंच, शब्द म्हणजे शब्द, मी म्हटलं. "बरं," म्हणाली.

कधी कधी फार समंजसपणे घेते.

आश्विन वद्य पंचमी

आज त्याचा आवाज ऐकला.

मीरासाहेबाने मुद्दाम निरोप पाठवला होता. रेडिओवर बातम्यांत त्याचा आवाज ऐकवला. टी, टी, टी, टी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखा. दुकानात आम्ही चौघेपाच जण होतो, कुणी बिडी ओढायचा थांबला, कुणी टोपी काढली. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला सांगता येणार नाही. एवढ्या काळोखात एवढ्या वेगाने जाणारी वस्तू, आणि ती सारखी सांगते आहे की मी आहे, मी आहे.

आवाज बंद झाल्यावर मीरासाहेब म्हणाला, "अर्जुनराव, अल्लानं एक दिला होता तो आपल्याला पुरत होता की." मग स्क्रू पिळत पिळत सहज विचारावं तसं त्याने विचारलं, दिवाळीला पुनावळ्याला जाणार का. मग म्हणतो, "लग्नाच्या दिवशी लाउडस्पीकर माझा होता. पंगत तुमच्यासाठी थांबली होती. पोरानं दोनदा तुमच्या नावानं पुकारा करायला लावला मला. भात निवाया लागला तवा बसली माणसं."

मीरासाहेब बॅटरीपाशी होता, मांडवाच्या पार टोकाला. त्याला तिथून काय दिसणार? आणि पुकारा झाला असता तर मला ऐकू आला नसता का? गॅसबत्तीचा पंप मात्र फार आवाज करतो, हेही खरं.

हे हिला सांगितलं नाही.

आश्विन वद्य अष्टमी

पाहिला! निदान मला तरी वाटतं की पाहिला.

पहाटे दिसण्याचा संभव आहे असं कुणीतरी सांगितल्यावरून अंधारातच निघालो. चाळीच्या अंगणातून पाण्याच्या टाकीमुळे आणि झाडांमुळे मोकळं आभाळ दिसत नाही, म्हणून मामुर्डीच्या वाटेवरच्या माळावर गेलो. ही म्हणाली मीही येते. मला नवल वाटलं. पोरीला पदराखाली घेऊन माझ्यामागून माळ चढली.

वर अर्धा चंद्र होता. गार वारा. बराच वेळ काही नाही, आणि मग एक चांदणी आपली जागा सोडून चालू लागली. घाई नाही, थरथर नाही. सरळ रेघेत आभाळ ओलांडून गेली. ती विमानाची बत्ती असेल असं नंतर मीरासाहेब म्हणाला, असेलही. पण त्या घडीला माझे पाय जमिनीवर नव्हते. मी माळावर गुडघे टेकले. माणूस एवढा लहान, आणि त्याचा हात तिथवर पोचला.

मी काडीने मातीत पृथ्वी काढली, तिच्याभोवती वर्तुळ काढलं आणि हिला सगळं समजावून दिलं. हिने लक्ष देऊन ऐकलं आणि बरेच प्रश्नही विचारले. बीजेचा चंद्र कुठल्या अंगाला दिसेल? किती वेळ राहील? मी सांगितलं, तिकडे गहुंज्याच्या बाजूला, दिवस बुडाल्यावर थोडाच वेळ. मग माळाच्या खालून गेलेली पायवाट कुठे जाते ते विचारलं. किवळ्यावरून पुनावळ्याला, मी म्हटलं, तुला माहीत नाही होय? "आहे माहीत," म्हणाली.

उशिरा का होईना, हिला आकाशाची गोडी लागते आहे.

वसुबारस

दिवाळीचा सगळा गोंधळ. त्यातच ही सकाळी शांतपणे म्हणाली, "यंदा भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळीन म्हणते. अंगणातून दिसत नाही, माळावर जाईन."

आधी मला हायसं वाटलं. ज्या बाईला भाऊ नाही ती बीजेच्या चंद्राला ओवाळते, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. आमची एक चुलती ओवाळायची. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे या सणातलं मला फारसं कळत नाही, पण प्रश्न सुटला असं वाटलं. माझा शब्द राहिला आणि हिचा सण राहिला. तसं मी बोलूनही दाखवलं.

मग दुर्गाबाई आली. ती पुनावळ्याची, रोज सकाळी चाळीत दूध घालते. ही आणि ती नळापाशी पुष्कळ वेळ बोलत उभ्या होत्या. सणाचं जादा दूध सांगायला एवढा वेळ कशाला लागतो, असं मी म्हणतो तोच दुर्गाबाईचा आवाज चढला.

"भाऊ जित्ता हाय आन् चंद्राला ओवाळायचं? आक्का, आसं वंगाळ बोलू न्हाई. येकदा चंद्र भाऊ क्येला की त्यो जल्माचा. मंग पाटावर दुसरं कुनी बसत न्हाई."

ही काय बोलली ते ऐकू आलं नाही. दुर्गाबाई तशीच भरली किटली घेऊन तरातरा गेली, बाकीच्या घरांना दूधसुद्धा घातलं नाही.

मी हिला विचारलं, दुर्गाबाई म्हणते ते खरं का? "खरंच असेल," म्हणाली. मग तू तसं करणार? तर म्हणते, "माझ्याकडं दुसरं काय आहे?" रागावली असती तर बरं झालं असतं. रागावते तेव्हा ही पुनावळ्याचं बोलायला लागते. आज अगदी शुद्ध बोलत होती.

धनत्रयोदशी

काल झोप लागली नाही, पण पहाटे तोड सुचली. सुचल्यावर मी अंथरुणात उठून बसलो, इतकी ती सरळ होती.

खऱ्या चंद्राला ओवाळलं तर तो जन्माचा भाऊ होतो आणि हिंदुराव कायमचा सुटतो. पण आता आभाळात दुसरा चंद्र आहे. तो माणसांनी केलेला. शास्त्र लिहिणाऱ्यांच्या वेळी तो नव्हताच, तेव्हा त्याला कसला दोष लागणार? त्याला ओवाळावं. सण साजरा होईल आणि काही बिघडणारही नाही. मी उत्साहाने हिला सांगितलं.

हिने करंजीची कड मुरडत विचारलं, "तो किती दिवस राहणार आहे म्हणाला होता तुम्ही?" थोडे महिने, मी म्हटलं, मग खाली येईल आणि वाटेतच जळून जाईल. ही म्हणाली, "हाताखाली वाढवलेला सोडून जळून जाणाऱ्याला भाऊ करू?"

करंज्या पुष्कळ झाल्या आहेत. आम्ही खाणारे कितीसे.

दुर्गाबाई दूध घालायला आली तेव्हा मी सहज विचारलं, पुनावळ्याला काय विशेष. मला काही पडलेली नाही, सहज विचारलं. म्हणाली, हिंदुरावला माणहून दिवाळसणाचं बोलावणं आलंय, बायको पुढे गेली, हा गेला नाही. "रानातच बसून ऱ्हातो. जेवतो का न्हाई कुनाला ठावं." लग्नानंतरची पहिली दिवाळी, नवा जावई, मानाने बोलावलेलं, आणि हा रानात. मानापमान कशाशी खातात ते याला ठाऊकच नाही. मी असतो तर गेलो असतो.

तरी तो जेवत नाही हे मला दिवसभर आठवत राहिलं.

लक्ष्मीपूजन

पूजा झाली. पोरीने फुलबाज्या उडवल्या.

दुपारी मी जरा फिरून येतो म्हणून बाहेर पडलो होतो. पाय किवळ्यापर्यंत गेले. तिथल्या विहिरीपाशी उभा राहिलो. पुढे पुनावळ्याची झाडं दिसत होती. म्हणायचं काय हे ठरवत होतो. "हिंदुराव, झालं गेलं" एवढं जमलं, त्यापुढचं जमेना. त्याच्याआधी मीच बोललो तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? परत फिरलो.

हिला सांगितलं, मुंबई रस्त्यावर एक मोठी लॉरी बंद पडली होती ती बघत होतो. हिने माझ्या बुटांवरची तांबडी माती पाहिली. आत्ता बघतो तर बूट पुसून ठेवले आहेत.

मी इतके दिवस आभाळाकडे पाहतो आहे. तो गोळा एवढं अंतर कापतो आणि मला किवळ्याच्या पुढे जाता आलं नाही.

पाडवा

आज हिने मला ओवाळलं. नवी टोपी घालून पाटावर बसलो. ताटात काय घालू म्हणून विचारलं, मनात लुगडं धरलं होतं. ही म्हणाली, "मला काही नको. संध्याकाळी माळावर सोबत या." यंदा पाडव्यातच बीज लागते आहे, पंचांगात दोन्ही आजच.

एवढंच मागितलं. नाही म्हणता येईना. म्हणावंसंही वाटेना, पण जावंसंही वाटत नाही. आज संध्याकाळी ही एकदा ताट ओवाळील आणि एक माणूस जिवंतपणी हिच्यापुरता संपेल. माझ्यामुळे असं मी म्हणत नाही. पण संपेल.

कार्तिक शुद्ध तृतीया, सकाळ

काल रात्री लिहायचं राहिलं. जसं घडलं तसं आता लिहितो.

दुपारभर ही रांधत होती. पुऱ्या, वांग्याची भाजी, खीर, शिवाय त्या करंज्या. सगळं डब्यात भरलं. चंद्राला ओवाळायला पुऱ्या कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, चालून भूक लागते. निघताना म्हणाली, कोट घाला, वारा असतो. डबा मी घेतला, ताट हिने. इंद्रायणी पहाटेपासून फटाक्यांच्या मागे हिंडून दमली होती, ती माझ्या खांद्यावर झोपून गेली.

माळावर पोचलो तेव्हा सूर्य नुकता बुडाला होता. गहुंज्याच्या बाजूला आभाळ केशरी, वरती निळं. चंद्र कुठेच नव्हता. आम्ही उभे राहिलो. मग हिनेच बोट दाखवलं. कापलेल्या नखाएवढा, इतका बारीक की नजर जरा हलली की हरवायचा. मी पंधरा-वीस दिवस आभाळ पालथं घालतो आहे, पण बीजेचा चंद्र उगवत्या चांदण्यांआधी असा एकटा मी जन्मात कधी नीट पाहिला नव्हता. त्याला कुणी सोडलेला नाही. त्याचा आवाज नाही. किती बायका या घडीला कुठल्या कुठल्या माळांवर, गच्च्यांवर उभ्या राहून त्याला भाऊ म्हणत असतील, आणि तो सगळ्यांचं ऐकून घेतो आहे. मला हात जोडावेसे वाटले, पण खांद्यावर पोर होती.

हिने पदराच्या आडोशाला निरांजन लावलं. ताट छातीशी धरलं. मला म्हणायचं होतं, थांब, ओवाळू नको. ते म्हणायच्या ऐवजी मी डबा खाली ठेवला.

पण हिने ओवाळलंच नाही. नुसती उभी. वारा आला की हात आडवा धरायची, वात सावरायची, पुन्हा समोर बघायची. चंद्र खाली चालला होता. शेवटी मी म्हटलं, अगं, बुडेल तो. "माहीत आहे," म्हणाली.

तेव्हा मला तो दिसला. माळाच्या पल्याडच्या कडेला, आभाळाच्या पट्टीवर काळा, डोक्याला फेटा. मला वाटलं मेंढका असेल. तो चालत चालत आला, बरोबर चंद्राच्या खाली आला आणि थांबला. पुढे येईना. चंद्र जरा उजवीकडे सरला की तोही एक पाऊल उजवीकडे सरे आणि पुन्हा स्थिर उभा राही. माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. चांदणी चालताना पाहिली तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. कारण चालण्यावरून मी त्याला ओळखला.

"कवाचा हुबा हाईस रं?" ही म्हणाली. महिनाभरात ऐकलं नव्हतं ते पुनावळं हिच्या तोंडी आलं.

"दिस बुडायच्या आदीपास्नं," तिकडून आवाज आला. "ओवाळ आक्के. चंद्राच्या म्होरं हुबा हाय मी. त्येच्याआदी दिव्याचा उजेड माज्यावर पडंल."

मग माझ्याकडे न बघता, "दाजी, तुमचा शबूद मोडला न्हाई. हितं उंबरा न्हाई."

या पोराला दुर्गाबाईकडून कळलं असणार की ही माळावर येणार. दिवाळसण सोडून, उपाशी, बहिणीच्या आणि चंद्राच्या मधे येऊन उभा राहायचं त्याला सुचलं. माझं एवढं वाचन, मला नाही सुचलं.

ही ताट घेऊन पुढे गेली. मीही मागोमाग गेलो. आता ओवाळील म्हणून पाहतो तर ही त्याच्यासमोर जाऊन थांबली आणि खाली बघायला लागली. खाली नुसती कुसळं आणि दगड. उभ्या माणसाला ओवाळत नाहीत, पाटावर बसवून ओवाळतात, एवढं मलाही कळतं. पाट नव्हता. हिंदुराव तसाच उभा. ही ताट घेऊन तशीच उभी. दोघंही माझ्याकडे बघेनात. वात फडफडत होती. मला एकदम जाणवलं की आता जे काही व्हायचं ते माझ्यापाशी येऊन थांबलं आहे.

मला कोट काढायचा होता, पण खांद्यावर इंद्रायणी. मी तिला हिंदुरावच्या हातात दिली. वैशाखानंतर त्याच्या हाताला माझा हात लागला तो असा. पोर जागी झाली नाही, त्याच्या गळ्यात हात टाकून पुन्हा झोपली. मी कोट काढला, अस्तर खाली करून माळावर पसरला.

"बैस, हिंदुराव," मी म्हटलं.

"खराब व्हईल, दाजी."

"होऊ दे. बैस."

तो पोरीला मांडीवर घेऊन बसला. मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो, आडोसा म्हणून. हिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली आणि ताट ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात मला पहिल्यांदाच दिसलं की या दोघांचं कपाळ एकच आहे, हनुवटी एकच आहे. दोघंही रडत होती आणि दोघंही हसत होती. त्याने ताटात काय घातलं ते मी पाहिलं नाही. मी हिच्या तोंडाकडे बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस मी वर बघत होतो.

किती वेळाने आभाळाकडे नजर गेली तर चंद्र केव्हाच बुडाला होता. त्याला ओवाळायचं राहिलंच.

मग आम्ही तिथेच बसून जेवलो. हिंदुरावने एवढ्या पुऱ्या खाल्ल्या की डबा पुरा पडला हे नशीब. घरी चल, असं त्याला मीच म्हटलं. उंबऱ्यापाशी तो थबकला, तर मी त्याच्या दंडाला धरून आत घेतलं. शेजारीपाजारी पाहत होते, पाहू देत.

आत्ता तो आतल्या खोलीत घोरतो आहे. पोरीचा पाय त्याच्या पोटावर. दुपारी आम्ही सगळे पुनावळ्याला निघणार आहोत. ही ओट्यावर बसून माझ्या कोटातली कुसळं काढते आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत नाही. हिने काल जाताना सुपारी घेतली, अक्षता घेतल्या, जादा वाती, काडेपेटी, पाण्याचा तांब्या, हात पुसायला पंचासुद्धा घेतला. इतकं आठवणीने घेणारी बाई पाट तेवढा कसा विसरली? आत्ताच विचारून आलो.

कुसळ काढता काढता म्हणाली, "चंद्राला पाट कुठं लागतो?"

तेही खरंच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.